दर्यावरचा कागद

१५७५ साली अकबराची आत्या गुलबदन बेगम जनानखान्यातल्या इतर बायकांसह हजला निघाली. बादशहाच्या घरची माणसे, त्यामुळे लवाजमा, खजिना, नोकरचाकर यांना तोटा नव्हता. तरी सुरतेला पोचल्यावर ही मंडळी जवळजवळ वर्षभर अडकून पडली. बंदरात जहाजे होती, पैसा होता, नव्हता तो फक्त एक कागद, आणि तो पोर्तुगीजांकडून यायचा होता. गुजरातपासून बंगालपर्यंत ज्याच्या नावाने खुतबा पढला जात होता, त्याच्या आत्याला दर्यात पाऊल टाकायला फिरंग्यांची परवानगी लागत होती.

या कागदाला पोर्तुगीज ‘कार्ताझ’ म्हणत. शब्द मूळचा त्यांचाही नाही. अरबीत कागदाला ‘किर्तास’ म्हणतात, तो त्यांनी उचलला. कोकण किनाऱ्याचा इतिहास आपण बहुतेक किल्ल्यांवरून वाचतो: कोणता जलदुर्ग कोणी बांधला, कोणी घेतला, कोणाला शेवटपर्यंत घेता आला नाही. त्यात गैर काही नाही, पण तटबुरूज मोजता मोजता भांडण कशावरून चालले होते तेच निसटते. मला वाटते, हा कागद हाती धरला तर सोळाव्या शतकापासून अठराव्या शतकापर्यंतचा कोकणचा समुद्र बराच लवकर उमगतो. भांडण एकच होते: या पाण्यावर परवाना कोणाचा चालायचा?

पोर्तुगीज येण्यापूर्वी हा प्रश्न या किनाऱ्यावर कोणी फारसा विचारला नव्हता. व्यापार तर फार जुना. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात कल्याण आणि चौल ही बंदरे ‘कल्लिएना’ आणि ‘सेमिल्ला’ या नावांनी येतात. पुढे अरब, इराणी, गुजराती, मलबारी असे सगळे व्यापारी इथे आले, राहिले, काहींनी घरेदारे केली. बंदरात उतरले की तिथल्या सत्ताधीशाला जकात द्यायची, माल विकायचा, मोसमी वारा फिरला की परत जायचे. चाचे होते आणि लुटालूटही होती. पण जकात बंदराची असे. बंदरामागचे मोकळे पाणी आपले आहे, त्यावरून जायचे तर आम्हाला विचारा, असे कोणी म्हणत नव्हते.

वास्को द गामा १४९८ साली कालिकतला आला आणि १५०२ मध्ये पुन्हा आला, तो तोफा घेऊन. त्यानंतरच्या काही वर्षांतच परवान्याची पद्धत सुरू झाली. पोर्तुगाल हा लहानसा देश. हिंदुस्थानात मुलूख जिंकून राज्य करण्याइतकी माणसे त्याच्याकडे नव्हती आणि ते त्यांनाही ठाऊक होते. त्यांच्याजवळ होती ती तोफांची मारगिरी सोसणारी भक्कम जहाजे. १५०८ मध्ये चौलच्या खाडीत इजिप्त आणि गुजरातच्या आरमाराने त्यांना तडाखा दिला. त्यात व्हाइसरॉय आल्मेदाचा मुलगा लोरेन्सो मारला गेला. पुढच्याच वर्षी बापाने दीवला त्याचा सूड घेतला, आणि १५१० मध्ये आल्बुकर्कने गोवा घेतले. मोक्याची पाचदहा ठाणी आणि त्यांच्यामध्ये फिरणारी गस्तीची जहाजे एवढ्यावर त्यांनी समुद्र ‘आपला’ केला.

कार्ताझवर जहाज कोणाचे, नाखवा कोण, जहाज केवढे, हत्यारे किती, कुठून कुठे जाणार हे लिहिलेले असे. काय न्यायचे नाही याची यादीही असे. मिरी आणि मसाल्याचे पदार्थ हा पोर्तुगीज राजाचा मक्ता. शस्त्रे नेणे मना. घोड्यांचा व्यापार गोव्यातूनच व्हावा हा त्यांचा हट्ट, कारण दख्खनच्या सुलतानांना आणि विजयनगरला अरबी घोड्यावाचून चालत नसे आणि घोड्यांवरची जकात म्हणजे गोव्याची मोठी कमाई. खुद्द परवान्याची फी किरकोळ होती. खरी मेख पुढे होती. परवाना असलेल्या जहाजाने जाता-येता पोर्तुगीजांच्या बंदरात थांबून तिथली जकात भरायची, ही अट त्यातच असे. परवाना नसेल तर जहाज, माल, माणसे सगळे जप्त. आदिलशाही, निजामशाहीसारख्या सत्तांना तहानुसार काही परवाने फुकट मिळत. सुलतानांनी ते फुकट घेतले, म्हणजे पाण्यावरचा फिरंग्यांचा हक्क मान्यही केला. फुकटच्या कागदाची किंमत अशी चुकवावी लागते.

कागद असला म्हणजे जहाज सुरक्षित, असेही नव्हते. जहांगीर बादशहाच्या आईचे ‘रहिमी’ हे प्रचंड जहाज १६१३ मध्ये पोर्तुगीजांनी सुरतेजवळ पकडले, तेव्हा त्याच्याजवळ रीतसर कार्ताझ होता. जहांगीर इतका चिडला की त्याने आपल्या मुलखातली चर्चे बंद केली आणि दमणवर फौज धाडली. या कागदाने धर्माचाही पेच केला होता. अकबराच्या दरबारातला मखदूम-उल्-मुल्क हा मुल्ला म्हणे, की हज आता सक्तीचा राहिलेला नाही, कारण खुष्कीच्या वाटेवर शिया इराण आणि समुद्राच्या वाटेवर मेरी आणि येशू यांची चित्रे छापलेला फिरंग्यांचा परवाना. इतिहासकार बदायुनीने ही हकिगत नोंदवली आहे. मखदूमविषयी त्याचे मत काही बरे नव्हते, हेही वाचताना लक्षात ठेवावे.

आपल्या किनाऱ्यावर पोर्तुगीजांचा जोर दोन ठिकाणी होता. चौलची खाडी, म्हणजे रेवदंडा आणि समोरचा कोर्लई. आणि उत्तरेला वसई. डिसेंबर १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने मोगलांच्या भीतीने वसई आणि तिच्या ताब्यातली बेटे पोर्तुगीजांना देऊन टाकली. त्या बेटांत मुंबईही आली. तिची तेव्हा मोठी किंमत कोणी केली नाही. हे बेट काही काळ गार्सिया द ओर्ता या वैद्याला खंडाने दिलेले होते. त्याचे हिंदुस्थानी औषधींवरचे पुस्तक १५६३ साली गोव्यात छापले गेले. गोव्याच्या छापखान्यातल्या अगदी सुरुवातीच्या पुस्तकांपैकी ते एक. 

कोर्लईला गेलात तर किल्ला चढण्याआधी गावात थोडे रेंगाळा. तिथल्या ख्रिस्ती वस्तीत अजून पोर्तुगीज आणि मराठी यांच्या मिश्रणातून झालेली एक बोली बोलतात. बोलणारे तिला ‘नौ लिंग’ म्हणतात, म्हणजे ‘आमची भाषा’. पोर्तुगीज रेवदंडा सोडून गेले १७४० मध्ये. त्यानंतर पावणेतीनशे वर्षे, लिपी नाही, शाळा नाही, राजाश्रय नाही, तरी शेदोनशे घरांच्या जिभेवर ती टिकली आहे. मराठीच्या पोटात तर पोर्तुगीज अशी मुरली आहे की आपल्याला ती परकी वाटतच नाही. चावी, पगार, घमेले, परात, पिंप, बिजागरी, पाव, बटाटा, काजू, अननस. यातली निम्मी यादी स्वयंपाकघरात सापडते.

सतराव्या शतकात पोर्तुगीजांना युरोपातूनच वाटेकरी आले. डचांनी १६०३ मध्ये सिंगापूरजवळ पोर्तुगीजांचे एक मालाने गच्च भरलेले जहाज लुटले आणि त्या लुटीचे समर्थन करण्यासाठी ह्यूगो ग्रोशियस या तरुण वकिलाला कामाला लावले. १६०९ मध्ये त्याने लिहिले, समुद्र कोणाच्याच मालकीचा नसतो. आंतरराष्ट्रीय कायद्याच्या अभ्यासात हा ग्रंथ आजही मैलाचा दगड मानतात. तत्त्व उत्तमच होते. फक्त हातात सत्ता आल्यावर डचांनीही परवाने सुरू केले आणि इंग्रजांनीही. पोर्तुगीज राजकन्या कॅथरिनच्या लग्नात १६६१ च्या तहाने मुंबई इंग्लंडच्या राजाला मिळाली आणि १६६८ मध्ये त्याने ती वर्षाला दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीच्या हवाली केली. आता एका किनाऱ्यावर पोर्तुगीज, इंग्रज, डच आणि जंजिऱ्याचा सिद्दी असे चार शिक्के झाले.

पाचवा शिक्का जमिनीवरून आला. शिवाजी महाराजांनी १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी घेतली आणि तिथल्या खाडीत जहाजे बांधायला सुरुवात केली. दख्खनच्या इतर सत्तांनी बंदरांची जकात खाल्ली, पण बंदराबाहेरचा समुद्र सोडून दिला होता. हा माणूस समुद्रातच उतरला. १६६४ च्या नोव्हेंबरात मालवणसमोरच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचे काम सुरू झाले. पुढच्याच फेब्रुवारीत आरमार कर्नाटकातल्या बसरूरवर जाऊन आले. सुरुवातीच्या जहाजबांधणीत पोर्तुगीज कारागीर होते. गोव्याच्या अधिकाऱ्यांच्या लक्षात आल्यावर ते काम टाकून निघून गेले. महाराजांच्या व्यापारी जहाजांसाठी पोर्तुगीजांकडे परवानेही मागितले गेले. नव्या आरमाराने पहिल्या दिवसापासून सगळ्यांशी वैर धरले नाही, यातच त्यामागचे डोके दिसते.

खांदेरीची गोष्ट मात्र सविस्तर सांगायला हवी. मुंबई बंदराच्या तोंडाशी, थळच्या किनाऱ्यासमोर, खांदेरी आणि उंदेरी ही दोन लहान बेटे आहेत. १६७९ च्या पावसाळ्याच्या अखेरीस मराठ्यांनी खांदेरीवर उतरून तट बांधायला घेतला. मायनाक भंडारी त्या कामावर होता. मुंबईतून बाहेर पडणारे आणि आत येणारे प्रत्येक शीड या बेटावरून दिसते, हे इंग्रजांना तात्काळ कळले. त्यांनी आपल्या नौका पाठवल्या, सिद्दीचे आरमारही आले. बेटाला वेढा पडला. तरी रोज रात्री थळहून लहान होड्या दगड, चुना, दाणापाणी घेऊन निसटत होत्या. इंग्रजांची जहाजे मोठी, बुडाशी पाणी खोल हवे. बेटाभोवती खडक. पहाटे वारा पडला की शिडाचे जहाज लाकडाच्या ओंडक्यासारखे जागच्या जागी. वल्ह्यांच्या होड्यांना वाऱ्याचे काय पडले होते? ऑक्टोबरात मराठ्यांच्या दौलतखानाच्या आरमाराने इंग्रजांची ‘डव्ह’ ही नौका माणसांसह पकडून नेली. १६८० च्या जानेवारीत इंग्रजांनी नाद सोडला. शेजारची उंदेरी सिद्दीने गाठली, आणि पुढे कित्येक वर्षे ही दोन बेटे एकमेकांवर तोफा रोखून बसली.

रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त आरमारावर वेगळे प्रकरण आहे. त्यात टोपीकरांविषयी जे सांगितले आहे ते सगळ्यांना माहीत असते: हे नुसते सावकार नाहीत, त्यांच्या पाठीशी त्यांचे राजे आहेत, त्यांना समुद्रकिनारी जागा देऊ नये. त्याच ग्रंथातला परवान्याविषयीचा भाग तितका बोलला जात नाही. परमुलखाचे जहाज कौल न घेता वाटेने जात असले तरी त्याच्यावर एकदम हात टाकू नये, त्याला दिलासा देऊन बंदरात आणावे, थोडक्या जकातीत व्यापार करू द्यावा, असा त्याचा रोख आहे. पोर्तुगीजांच्या जप्तीच्या नियमाशेजारी हे ठेवून पाहावे. कागद दोघांकडेही होता, पण इथे व्यापारी परत यावा अशी इच्छा दिसते. प्रत्यक्षात सगळेच असे वागले असे म्हणता येणार नाही. आज्ञा लिहावी लागते ती बहुतेक वेळा ती मोडली जात असते म्हणून.

कान्होजी आंग्र्यांच्या काळात हा कागदाचा झगडा अगदी उघड्यावर आला. सतराव्या शतकाच्या अखेरीस ते आरमाराचे सरखेल झाले आणि १७१३ मध्ये बाळाजी विश्वनाथाच्या मध्यस्थीने शाहू छत्रपतींच्या बाजूला आले. अलिबागजवळचा कुलाबा, हर्णैचा सुवर्णदुर्ग, वाघोटण खाडीच्या मुखावरचा विजयदुर्ग ही त्यांची मुख्य ठाणी. किनाऱ्याने जाणाऱ्या जहाजाने सरखेलांचे दस्तक घ्यावे, हा त्यांचा नियम. कंपनीशीही १७१३ मध्ये तह झाला. वाद उरला तो एका प्रश्नाचा: कंपनीचे जहाज म्हणायचे कशाला? मुंबईचे इंग्रज खासगी व्यापार करत, देशी व्यापाऱ्यांच्या जहाजांना आपला बावटा आणि आपले परवाने देत. कान्होजींचे म्हणणे असे, की कंपनीची म्हणून जी जहाजे आहेत ती खुशाल जावोत. बाकीच्यांनी आमचे दस्तक घ्यावे. चार्ल्स बून १७१५ मध्ये गव्हर्नर होऊन आला, त्याला हे मान्य नव्हते. मग कान्होजींनी जहाजे धरली आणि इंग्रजांनी त्यांना चाचा ठरवले.

या शब्दाशी जरा थांबले पाहिजे, कारण तो अजून इंग्रजी पुस्तकांत भेटतो. कान्होजी एका राजाचे नेमलेले अधिकारी होते, त्यांचा मुलूख होता, जकातीची ठाणी होती, तह होत होते. ते जे करत होते तेच पोर्तुगीजांनी दोनशे वर्षे केले होते. हे लिहिताना मला कान्होजींना संत करायचे नाही. त्यांच्या दस्तकाचा जाच देशी व्यापाऱ्यांनाही होत असणारच, आणि पकडलेल्या माणसांना सोडवायला खंडणी मोजावी लागे हे खरे. पण चाचा आणि सरखेल यांत फरक करायचा तर तो सगळ्यांना सारखा लावावा लागेल, आणि मग गोव्याच्या व्हाइसरॉयचीही सुटका नाही.

त्यांच्या आरमाराची ताकद दोन प्रकारच्या नौकांत होती. गुराब ही दोन किंवा तीन डोलकाठ्यांची, दीडशे ते तीनशे टनांची. तिची नाळ पुढे लांब निमुळती, आणि तिच्यातून समोर मारा करणाऱ्या दोन मोठ्या तोफा. गलबत त्याहून लहान, सत्तर टनांच्या आतले, चाळीस-पन्नास वल्ह्यांचे, ताशी चारेक मैल जाणारे. वारा पडला की गलबते गुराबांना दोर लावून ओढत आणि शत्रूच्या जहाजाच्या मागच्या अंगाला आणून सोडत. युरोपी जहाजाच्या तोफा दोन्ही कुशींना, मागे फारशा नाहीत. तिथून डोलकाठी आणि शिडे फोडायची, जहाज पांगळे झाले की गलबतांतून माणसे चढवायची. भर समुद्रात वारा असताना ही युक्ती चालत नसे, म्हणून आंग्रे किनारा सोडून फार दूर जात नसत. ही त्यांची मर्यादा होती आणि शहाणपणही.

बूनने १७१८ मध्ये खांदेरीवर हल्ला केला, तो फसला. विजयदुर्गावरच्या मोहिमा फसल्या. १७२१ मध्ये इंग्लंडच्या राजाची लढाऊ जहाजे घेऊन आलेला कमोडोर मॅथ्यूज, मुंबईचे इंग्रज आणि गोव्याचे पोर्तुगीज असे तिघे मिळून कुलाब्यावर आले. बाजीराव पेशवे मदतीला धावले, दोस्तांचे एकमेकांत बिनसले, आणि पोर्तुगीजांनी परस्पर तह करून टाकला. १७२४ मध्ये डचांनी विजयदुर्गावर नशीब आजमावले, तेही रिकाम्या हाताने परतले. कान्होजी १७२९ मध्ये वारले तेव्हा त्यांच्या दस्तकाला आव्हान देऊन यश मिळवलेला कोणी नव्हता.

पुढे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई घेतली. ती मोहीम इतक्या ठिकाणी इतक्या चांगल्या रीतीने सांगितली गेली आहे की मी पुन्हा सांगत नाही. तिथल्या चर्चमधल्या घंटा देशावरच्या देवळांत गेल्या; मेणवली आणि भीमाशंकरला त्या आजही टांगलेल्या आहेत.

इकडे आंग्र्यांच्या घरात भाऊबंदकी लागली. कुलाब्याला मानाजी, विजयदुर्गाला संभाजी आणि त्याच्या मागून तुळाजी. मानाजी पेशव्यांच्या आधाराला गेला. तुळाजी पेशव्यांना जुमानत नव्हता आणि कोकणातल्या इतर सरदारांनाही त्याचा उपद्रव होता. नानासाहेब पेशव्यांनी १७५५ च्या मार्चमध्ये मुंबईकर इंग्रजांशी करार केला. एप्रिलमध्ये कंपनीच्या कमोडोर जेम्सच्या तोफगोळ्याने सुवर्णदुर्गातले दारूचे कोठार उडाले आणि किल्ला पडला. १७५६ च्या फेब्रुवारीत अॅडमिरल वॉटसनचे आरमार आणि क्लाइव्हची फौज विजयदुर्गासमोर आली. तुळाजी बोलणी करायला पेशव्यांच्या छावणीत गेला होता. किल्ला मराठ्यांच्या हाती जाण्याआधी आपण घ्यायचा अशी इंग्रजांची घाई होती. लूट कशी वाटायची हे मुंबईहून निघण्यापूर्वीच ठरले होते. खाडीत सगळे आरमार एकमेकांना खेटून नांगरलेले. पूर्वी कंपनीकडून पकडलेल्या ‘रेस्टोरेशन’ या जहाजावर एक गोळा पडला, आग लागली, ती शेजारच्या गुराबांवर गेली आणि बघता बघता सगळे जळाले. किल्ल्यात सुमारे दहा लाखांचा ऐवज मिळाला. त्यातला एक रुपया पेशव्यांना मिळाला नाही. विजयदुर्ग परत मिळवायला त्यांना बाणकोट द्यावे लागले. वॉटसन आणि क्लाइव्ह त्याच वर्षी बंगालच्या मोहिमेवर गेले, आणि पुढच्या जूनमध्ये प्लासी झाली.

‘पेशव्यांनी मराठ्यांचे आरमार बुडवले’ हे वाक्य यावरून सर्रास म्हटले जाते. ते पूर्ण खरे नाही. पेशव्यांचे स्वतःचे आरमार विजयदुर्गाला धुळपांच्या हाताखाली पुढेही होते. आनंदराव धुळपांनी १७८३ मध्ये इंग्रजांचे ‘रेंजर’ पकडले, ते मात्र सालबाईच्या तहानंतर पकडले म्हणून परत द्यावे लागले. चूक आरमार जाळण्यापेक्षा वेगळी होती. घरातला दुखावलेला सरखेल वठणीवर आणायला पेशव्यांनी ज्याला बोलावले, त्याचाच परवाना नाकारण्यासाठी सरखेल पन्नास वर्षे लढत आले होते. १७५६ नंतर या किनाऱ्यावर इंग्रजांच्या परवान्याशी बरोबरी करणारा दुसरा कागद उरला नाही. १८१८ मध्ये कोकण कंपनीच्या राज्यात गेले ते त्यामानाने बिनबोभाट.

कमोडोर जेम्स विलायतेला परतून श्रीमंत झाला, कंपनीचा अध्यक्ष झाला. तो गेल्यावर त्याच्या विधवेने १७८४ मध्ये लंडनच्या शूटर्स हिलवर त्याच्या स्मरणार्थ त्रेसष्ट फुटी तिकोनी मनोरा बांधला. त्याचे नाव ‘सेव्हर्नड्रूग कॅसल’. सेव्हर्नड्रूग म्हणजे आपला सुवर्णदुर्ग. तो मनोरा अजून उभा आहे.

मूळ सुवर्णदुर्ग बघायचा तर दापोलीहून हर्णैला जावे आणि भरतीचा अंदाज घेऊन होडीने बेटावर उतरावे. २०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून निवडलेल्या बारा मराठा किल्ल्यांत तो आहे. खांदेरी, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्गही आहेत. परतताना संध्याकाळी हर्णैच्या पुळणीवर थांबा. मचवे लागलेले असतात, पाट्या उतरत असतात, आणि माशांचा लिलाव पुकारला जात असतो. हा ‘लिलाव’ शब्दही पोर्तुगीजांचाच.